भाषेचा अडसर आणि आजारी मूल

आपल्या संस्थेच्या अनेक सभासदांच्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी आज परदेशात स्थायिक आहे. त्यामुळे परदेशस्थ मंडळींच्या दैनंदिन अडचणींवर, विशेषतः भाषेच्या अडचणीवर, एका बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले. माझा परदेशाशी संबंध मुलीच्या घरी घालविलेल्या दोन उन्हाळ्यांपुरताच. त्यामुळे प्रथम मी थोडा संकोचलो. परंतु विचार करता लक्षात आले की या अडचणीशी माझी खरी ओळख परदेशात झालीच नाही. ती झाली सियागंजातील माझ्या दवाखान्यात, आणि तीही माझ्याच चुकीमुळे. म्हणून आधी सियागंजाविषयी सांगतो व मग परदेशाकडे वळतो.

सियागंजातील एक दुपार

सियागंज ही आपल्या इंदूरची किराण्याची ठोक बाजारपेठ. रेल्वे स्टेशन आणि पटेल ब्रिज जवळच असल्याने तेथे मालाची व माणसांची ये-जा दिवसभर चालूच असते. खालच्या दुकानात मिरचीचे पोते फुटले, की वर माझे सारे रुग्ण एकदमच खोकू लागतात. बाकावर बोहरी, सिंधी, मारवाडी व्यापाऱ्यांच्या सुना असतात आणि त्यांच्याच शेजारी हम्मालांच्या बायकाही असतात. झाबुआ, बडवानी, अलीराजपूरकडून मजुरीसाठी आलेली ही भिल्ल व बारेला कुटुंबे. पुरुषांना बाजारात वावरून कामापुरती हिंदी येते. बायका घरी भिली किंवा बारेली बोलतात. झाबुआ येथून सुमारे दीडशे किलोमीटरवर. पण नुकत्याच आलेल्या त्या बाईला इंदूर हा परदेशच असतो.

२००६ सालच्या जून महिन्यात अशीच एक बाई आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. मुलाला आदल्या दिवसापासून पातळ जुलाब होत होते. डोळे किंचित खोल गेले होते, परंतु मूल सावध होते व पाणी पीत होते. बाईला हिंदी येत नव्हती. नवरा ट्रकवर माल चढवीत होता. बरोबर तिची दहा वर्षांची मुलगी होती. ती म्युनिसिपालटीच्या शाळेत जात असे आणि हिंदी चटचट बोले. मला हायसे वाटले. बाहेर वीस रुग्ण खोळंबले होते. मी त्या मुलीलाच सारे समजावून सांगितले : ही पुडी एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायची, प्रत्येक जुलाबानंतर वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजायचे, आईचे दूध चालू ठेवायचे. मुलीने ते आईला तिच्या भाषेत सांगितले. आईने मान डोलावली. मी विचारले, "समझ गई?" मुलगी म्हणाली, "हाँ साब." झाले! दोन मिनिटांत पुढचा रुग्ण आत आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मूल झटके येत असलेल्या अवस्थेत परत आले. जुलाब कमी झाले होते, तरी मूल अतिशय चिडचिडे, तहानेने व्याकूळ, आणि त्वचा हाताला मळलेल्या कणकेसारखी लागत होती. मोठ्या रुग्णालयात तातडीने पाठवून तपासणी केली, तेव्हा रक्तातील सोडियम १७२ निघाले. हायपरनेट्रेमिया! पाणी कशात कालवले, हे तेव्हा प्रथमच कोणीतरी विचारले. उत्तर मिळाले : एका लोट्यात.

'लीटर' हा शब्द त्या घरात वापरात नव्हता. मुलीने तो आपल्या परीने जवळच्या शब्दात बसविला होता. त्यांचा लोटा पाव लीटरच्या आसपासचा होता. ओआरएसची प्रमाणित पुडी २०.५ ग्रॅमची असते. ती एक लीटर पाण्यात विरघळवली, तर सोडियम लीटरला ७५ मिलिमोल होते. पाव लीटरात तेच ३०० होते. मूल तहानेने रडे, म्हणून आई तेच पाणी आणखी पाजी. मी सांगितल्याप्रमाणेच ती वागत होती.

मूल वाचले. सोडियम हळूहळू, दिवसाला दहा-बाराहून अधिक खाली येणार नाही अशा बेताने उतरवावे लागते, अन्यथा मेंदूला सूज येते. त्याला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेलो, तेव्हा ती मुलगी दाराशी भिंतीला टेकून उभी होती. मला पाहताच म्हणाली, "साब, मैंने लोटा बोल दिया था." मी तिला सांगितले की चूक तुझी नव्हे, माझी आहे. तिला ते पटले असे तिच्या चेहऱ्यावरून दिसले नाही. पुढे ते कुटुंब दोन-चारदा दवाखान्यात आले, परंतु ती मुलगी बाहेर पायरीवरच बसून राही. आईसाठी ती माझ्यासमोर पुन्हा कधी बोलली नाही.

एक शब्द, दोन अर्थ

आपण इंदुरी मराठी माणसे होळकरांच्या काळापासून हिंदी-मालवीत वाढलेली. भाषेची अडचण आपल्याला ठाऊक नाही, असा आपला समज असतो. तरीही आपल्या घराघरांत अशा गोष्टी आहेत. माझी आजी सातारकडून लग्न होऊन इंदुरात आली. धाकटा काका पाळण्यातून पडला, तेव्हा ती शेजारच्या वैद्यांकडे धावत गेली आणि "बाल गिर गया" म्हणाली. वैद्यबुवांनी तिला केसांना लावायचे तेल दिले. घरात पुढे या गोष्टीवर सारे हसत, आजी मात्र हसत नसे.

आपल्या व्यवसायात असे शब्द पदोपदी भेटतात. मराठीत 'जुलाब' म्हणजे रोग, तर हिंदीत 'जुलाब' म्हणजे पोट साफ होण्यासाठी घेतलेले औषध. रोगाला तेथे 'दस्त' म्हणतात. "जुलाब हुआ" असे मराठी आईने सांगितले, तर मुलाला कोणी रेचक दिले काय, असा प्रश्न हिंदीभाषक डॉक्टरला पडू शकतो. मराठीत 'घाबरणे' म्हणजे भिणे, परंतु माळव्यातील आई "जी घबरा रहा है" म्हणते, तेव्हा बहुधा मळमळ किंवा अस्वस्थता सांगत असते. आपल्याकडे 'नाना' म्हणजे घरातील वडीलधारे, तर मालवीत 'नाना' म्हणजे लहानगा मुलगा. "नाना को बुखार है" हे वाक्य महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या सहकाऱ्याने ऐकले, तर तो वयोवृद्ध रुग्णाची वाट पाहत बसेल.

अशा एका शब्दाने काय होऊ शकते, याचे अमेरिकेतील उदाहरण वैद्यकीय वर्तुळात प्रसिद्ध आहे. १९८० मध्ये फ्लोरिडा राज्यात अठरा वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले गेले. क्यूबातून आलेल्या त्याच्या घरच्या मंडळींनी 'इन्तोक्सिकादो' हा स्पॅनिश शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून बाधा झालेला. डॉक्टरांनी इंग्रजीच्या वळणाने तो 'नशा केलेला' असा घेतला आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनावर उपचार सुरू केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव झाला होता. निदानास दोन दिवस उशीर झाला आणि त्या तरुणाचे चारही हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे झालेल्या तडजोडीतील भरपाईची एकूण रक्कम सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर होती. दोन्ही बाजूंना आपल्याला समजले आहे अशी खात्री होती, म्हणून दुभाषी बोलावण्याचे कोणाच्याही मनात आले नाही.

दुभाषी कोण असावा?

माझ्या चुकीनंतर मी या विषयावर वाचू लागलो, तेव्हा एक शोधनिबंध हाती आला. डॉ. ग्लेन फ्लोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात २००३ साली, म्हणजे माझ्या चुकीच्या तीन वर्षे आधीच, प्रसिद्ध झाला होता. त्यांनी स्पॅनिशभाषक मातांच्या मुलांच्या १३ तपासण्या ध्वनिमुद्रित करून दुभाष्यांच्या भाषांतरातील चुका मोजल्या. चुका निघाल्या ३९६, म्हणजे तपासणीमागे सरासरी ३१. त्यांतील ६३ टक्के चुका रुग्णाच्या उपचारावर परिणाम करू शकतील अशा होत्या. ऐनवेळी बोलावलेल्या, प्रशिक्षण नसलेल्या दुभाष्यांच्या बाबतीत हे प्रमाण ७७ टक्के होते, तर रुग्णालयाच्या नेमलेल्या दुभाष्यांच्या बाबतीत ५३ टक्के. एका आईला कान दुखण्यावरचे पोटात घ्यायचे ॲमॉक्सिसिलीन दोन्ही कानांत घालण्यास सांगितले गेले होते. जलसंजीवनीचे प्रमाण सांगायचे राहून गेल्याचीही नोंद होती. आणि ऐनवेळच्या दुभाष्यांमध्ये रुग्णाचे एक अकरा वर्षांचे भावंडही होते. हे वाचताना मला वॉर्डाच्या दाराशी उभी असलेली ती मुलगी आठवली.

मुलाला दुभाषी करण्यात दोन धोके आहेत. पहिला भाषांतराचा. दहा वर्षांच्या मुलाला दोन भाषा येत असल्या, तरी औषधाचे माप, शौच, रक्त, आईचे दुखणे यांचे शब्द त्याच्यापाशी नसतात. जे येत नाही ते ते गाळते किंवा आपल्या मनाने जुळवते. दुसरा धोका त्या मुलाला असतो. भावंडाच्या जिवाची जबाबदारी त्याच्या डोक्यावर पडते आणि काही विपरीत घडले तर ते स्वतःलाच दोष देते. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या आरोग्यसंस्थांना आणीबाणीचा प्रसंग सोडल्यास अल्पवयीन मुलांकडून असे काम करून घेता येत नाही. आपल्याकडे तसा दंडक नसला, तरी तो आपण स्वतःला घालून घेऊ शकतो.

ओआरएसचा इतिहासही येथे आठवावा. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचा द्राव संपत आला. तेव्हा बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांत तयार ठेवून ते पाजण्याचे काम नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. हे औषध आईच्या हाती जाते, हेच त्याचे सामर्थ्य आहे. म्हणून आईला ते नीट समजणे हा उपचाराचाच भाग आहे.

म्यूनिकमधील एक सकाळ

आता परदेशाकडे येतो. माझी मुलगी व जावई जर्मनीत म्यूनिकजवळ राहतात. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तेथे गेलो होतो. जावई कामानिमित्त बाहेरगावी असताना तेरा महिन्यांच्या नातवाला उलट्या व जुलाब सुरू झाले. मुलीला दुकानात, बसमध्ये चालेल इतकी जर्मन येते. पण आजारी मुलाविषयी बोलताना तिचे शब्द अडखळू लागले. मुलांच्या डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात बसलो असताना भिंतीवरील एकही पाटी मला वाचता येत नव्हती. विषबाधेसंबंधीच्या एका पत्रकावर 'गिफ्ट' हा शब्द ठळक छापलेला होता. तो मला भेटवस्तूंचा वाटला. जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष, हे मुलीने सांगितले.

डॉक्टरांनी तपासून ओआरएसच्या पुड्या लिहून दिल्या. त्या मिळताच मी मुलीला मराठीत म्हणालो, "एक पुडी, एक लीटर पाणी. बाकी मला ठाऊक आहे." तिने पुडीवरील मजकूर वाचलाही नाही. बाबा स्वतः बालरोगतज्ज्ञ असताना वाचायचे कशाला? निघताना तेथील मदतनीस बाईंनी आम्हाला थांबविले. वडील डॉक्टर आहेत, असे मुलीने त्यांना कौतुकाने सांगितले होते. तरीही त्यांनी पुडी टेबलावर ठेवली, शेजारी एक पेला व एक मोठी बाटली ठेवली आणि खुणेने विचारले : घरी गेल्यावर काय कराल, ते दाखवा. मी आत्मविश्वासाने मोठ्या बाटलीकडे बोट केले. बाईंनी मान हलविली आणि पुडीवरील '२००' हा आकडा मला दाखविला. ती पुडी २०० मिलिलीटर पाण्यासाठी होती.

मी पाचपट पातळ पाणी पाजणार होतो. त्यातून क्षार भरून निघाले नसते आणि इतक्या लहान मुलाच्या रक्तातील सोडियम घसरण्याचा धोका वाढला असता. सियागंजात लीटरचा लोटा झाला होता, येथे पेल्याचा लीटर होणार होता. फरक इतकाच, की तेथे विचारणारे कोणी नव्हते, येथे होते. त्या बाईंना इंग्रजी येत नव्हती, मला जर्मन येत नव्हती, आणि दुभाषीही नव्हता. जर्मनीत बाह्यरुग्ण सेवेसाठी दुभाष्याचा खर्च विमा सहसा देत नाही. तरी त्यांनी एका पेल्याने व एका बाटलीने काम भागविले. त्यांनी "समजले का?" असे विचारलेच नाही, कारण त्याला मी खात्रीने 'हो' म्हटले असते.

डॉक्टर मित्रांसाठी

या दोन प्रसंगांतून मी जे शिकलो ते थोडक्यात मांडतो.

१) "समजले का?" हा प्रश्न सोडून द्यावा. परक्या भाषेतील माणूस संकोचाने, आदराने किंवा भीतीने होच म्हणतो. त्याऐवजी "घरी गेल्यावर काय कराल, ते मला सांगा किंवा दाखवा" असे म्हणावे. इंग्रजीत याला टीच-बॅक म्हणतात. वेळ लागतो एक-दोन मिनिटे.

२) मुलांना दुभाषी करू नये. शेजारीण, दुकानातील कामगार, फोनवरील नातेवाईक, कोणीही प्रौढ व्यक्ती चालेल. तिलाही एका वेळी एकच वाक्य द्यावे.

३) बोलताना दुभाष्याकडे न पाहता आईकडे पाहावे. तिच्या चेहऱ्यावरून पुष्कळ कळते.

४) माप नेहमी वस्तूने दाखवावे. ओआरएसच्या पुड्या आपल्या बाजारातही एक लीटरच्या व २०० मिलिलीटरच्या, अशा दोन्ही मिळतात. कोणती दिली ते पाहूनच सांगावे. औषधासाठी घरातील चमच्याऐवजी खुणा असलेली टोपी किंवा सिरिंज द्यावी.

५) परिसरातील बोलीतील दुखण्याचे वीस-पंचवीस शब्द लिहून ठेवावेत. माझी भिली शब्दांची वही बाकावरच्या आयांनीच भरून दिली आहे. माझे उच्चार ऐकून त्या हसतात, आणि हसल्यावर मोकळेपणी बोलतात.

परदेशस्थ कुटुंबांसाठी

१) औषधे मूळ रासायनिक नावाने ओळखावीत. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल आणि ॲड्रिनलिन म्हणजे एपिनेफ्रिन. इंदूरहून नेलेले तापाचे औषध व तेथील औषध ही दोन वेगळी समजून दोन्ही दिल्यास मात्रा दुप्पट होते. यकृताला त्याचा धोका असतो.

२) आकडे जपून वाचावेत. जर्मनीसह युरोपात अनेक ठिकाणी दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. तेथे '१,५' म्हणजे दीड. अमेरिकेत तारखेत महिना आधी लिहितात, त्यामुळे लसीकरणाच्या कार्डावर महिन्याचे नाव अक्षरांत लिहून न्यावे. ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलीटरचा, पण ऑस्ट्रेलियात २० मिलिलीटरचा मानतात. म्हणून औषध मिलिलीटरमध्येच मोजावे.

३) बीसीजी लस घेतल्याची नोंद सोबत ठेवावी. ही लस घेतलेल्या मुलाची क्षयाची त्वचाचाचणी क्षय नसतानाही सकारात्मक येऊ शकते. तसेच आपल्या बाळांच्या कमरेवर जन्मतः असणारे निळसर डाग तेथे माराचे वण समजले जाण्याचा संभव असतो. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना ते दाखवून नोंद करवून घ्यावी.

४) दुभाषी मागण्यात कमीपणा मानू नये. ऑस्ट्रेलियात १९७३ पासून सरकारी दूरध्वनी-दुभाषी सेवा आहे. १३१ ४५० या क्रमांकावर दीडशेहून अधिक भाषांत ती मिळते. अमेरिकेत भाषासाहाय्यासंबंधीचा २००० सालचा अध्यक्षीय आदेश २०२५ मध्ये मागे घेण्यात आला, तरी १९६४ चा नागरी हक्क कायदा व २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यातील भेदभावविरोधी तरतूद कायम आहे. त्यामुळे रुग्णालयात दुभाषी मागता येतो. इंग्रजी उत्तम येणाऱ्यालाही मूल तापाने फणफणलेले असताना शब्द सुचत नाहीत.

५) नातवंडे सांभाळायला जाणाऱ्या आजी-आजोबांनी एक कागद शीतकपाटावर लावून घ्यावा. त्यावर घराचा पूर्ण पत्ता, मुलाचे वजन, ॲलर्जी, आणि "मूल आजारी आहे, रुग्णवाहिका पाठवा" हे वाक्य त्या देशाच्या भाषेत, पण देवनागरी अक्षरांत लिहिलेले असावे. युरोपात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९ आणि ऑस्ट्रेलियात ००० हे आणीबाणीचे क्रमांक आहेत.

६) डॉक्टरांनी सांगितलेले आपल्या शब्दांत परत सांगावे व "बरोबर आहे ना?" असे विचारावे. डॉक्टरला विसर पडला, तरी आपण विसरू नये. आणि घरात कोणी डॉक्टर असला, तरी औषधावरील मजकूर वाचावा. हा उपदेश मी माझ्या मुलीला केला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच तर म्हणालात, बाकी मला ठाऊक आहे!"

माझ्या टेबलावर आता एक रिकामी, एक लीटरची बाटली असते. ती खालच्या दुकानदाराने दिली आहे. मानेजवळ मी तांबड्या रंगाने रेघ मारली आहे. जुलाबाचे मूल आले, की पहिली पुडी त्याची आई माझ्यासमोर स्वतः त्या रेघेपर्यंतच्या पाण्यात कालवते, आणि मगच घरी जाते. रांग थोडी खोळंबते. बाकावरची मंडळी कुरकुर करतात. ती दहा वर्षांची मुलगी आता तिशीला आली असेल, कदाचित तिचीही मुले असतील. तिच्या मुलांना घेऊन ती कोणत्याही डॉक्टरकडे गेली, तरी तिला कोणीतरी एवढे विचारावे : "बाई, घरी काय कराल, ते दाखवा."